काठावर ऊन, खाली रोव्हर

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर शॅकल्टन नावाचे विवर आहे. व्यास सुमारे २१ किलोमीटर, खोली चार किलोमीटरांहून थोडी जास्त. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंश कललेला असल्यामुळे इथे सूर्य वर चढतच नाही, क्षितिजाला घासत गोल फिरतो. त्यामुळे विवराच्या काठावरच्या काही उंचवट्यांवर वर्षातला ऐंशी टक्क्यांहून अधिक काळ ऊन असते आणि तळाशी कायमचा काळोख. आसपास अशा सावलीच्या जागा बऱ्याच आहेत आणि पाण्याचा बर्फ शोधायचा तर तिथेच उतरावे लागते. ९ ऑक्टोबर २००९ रोजी नासाच्या एलक्रॉस मोहिमेने रॉकेटचा रिकामा टप्पा याच ध्रुवीय प्रदेशातल्या कॅबियस विवराच्या सावलीत आपटवला. उडालेल्या मातीत वजनाने साडेपाच टक्क्यांच्या आसपास पाणी निघाले. बर्फ आहे हे त्यातून कळले. तो कुठे, किती खोल आणि कोणत्या रूपात आहे, हे चाकांवर फिरणाऱ्या यंत्रानेच सांगायचे आहे.

त्या यंत्राला वीज कुठून द्यायची, हा या प्रकरणाचा विषय.

युरोपीय अवकाश संस्थेने इटलीची लिओनार्दो कंपनी आणि रोमानियाची प्रकाश-इलेक्ट्रॉनिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था यांच्याकडून यासाठी एक आराखडा करून घेतला. त्याची माहिती २०२० मध्ये जाहीर झाली. आराखड्याचे नाव ‘फिलिप’. द जेरलाश आणि शॅकल्टन या दोन विवरांच्या मधल्या, जवळजवळ सतत उन्हात असणाऱ्या जागी लँडर उतरवायचा. त्यावर ५०० वॅटचा अवरक्त लेझर. सुमारे २५० किलोचा रोव्हर तिथून दहाएक अंशांच्या उतारांवरून सावलीत शिरेल आणि ४ ते १५ किलोमीटर अंतरापर्यंत लेझरचा झोत त्याच्या सौरपट्टीवर धरून ठेवायचा. हे कागदावरचे काम आहे, चंद्रावर काही गेलेले नाही. पुढचा हिशेब याच आकड्यांवर उभा केला आहे. बाकीची गृहीतके माझी, आणि ती जिथल्या तिथे सांगितली आहेत.

बॅटरी का पुरत नाही

चांद्रयान-३ चा प्रज्ञान २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलेल्या लँडरमधून बाहेर पडला, शंभर मीटरांवर चालला आणि रात्र पडण्याआधी सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याला झोपवण्यात आले. तो पुन्हा जागा झाला नाही. २६ किलोचा, ५० वॅटच्या सौरपट्टीवर चालणारा रोव्हर होता तो. एका चांद्रदिवसापुरताच बांधलेला, त्यामुळे त्याचे काम पुरेच झाले होते. चौदा दिवसांची एक रात्र काय करते, एवढे मात्र त्यातून दिसते. सावलीच्या विवरात ही रात्र संपतच नाही.

२५० किलोच्या रोव्हरला नुसते जिवंत राहायला किती वीज लागेल? आतली उपकरणे एक मीटर घनाच्या पेटीत आहेत, पेटी शून्य अंशावर ठेवायची आहे आणि तिच्याभोवती बहुपदरी उष्णतारोधक आवरण उत्तम बसले आहे, असे धरू. प्रारणातून ३८ वॅटच्या आसपास उष्णता निसटते. तारा, चाकांचे सांधे, कॅमेऱ्याचा खांब यांच्यातून निसटणारी धरली की ६० वॅट. चालण्याला त्या मानाने फारसे लागत नाही. चंद्रावर या रोव्हरचे वजन जेमतेम ४०० न्यूटन, त्यामुळे सेकंदाला पाच-दहा सेंटिमीटर वेगाने दहा अंशांची चढण चढायला मोटरांना ५० वॅट पुष्कळ झाले. म्हणजे रोव्हर बसून राहिला काय आणि चालला काय, अर्ध्याहून अधिक वीज थंडीच खाते.

दहा किलोमीटर आत जाऊन परत यायला, न थांबता, सेकंदाला पाच सेंटिमीटर वेगाने, ११० तास लागतात. सरासरी १२० वॅट धरले तर १३ किलोवॅट-तासांहून अधिक. किलोला दीडशे वॅट-तास देणारी लिथियम बॅटरी घेतली तर तिचे वजन ९० किलोच्या घरात जाते. रोव्हरच्या एक तृतीयांशाहून जास्त वजन नुसत्या येण्याजाण्यात गेले, आणि अजून जमिनीत एकही भोक पाडलेले नाही.

दुसरा रूढ मार्ग अणुविजेचा. मंगळावरच्या क्युरिऑसिटीत आहे तसा प्लुटोनियमचा संच ४५ किलोत सुमारे ११० वॅट वीज देतो, वर्षानुवर्षे. पण त्यासाठी तो २००० वॅट उष्णता रात्रंदिवस बाहेर टाकतो. मंगळावर त्याने कुणाचे काही बिघडत नाही. उणे १८० अंशांवर गोठलेला बर्फ तपासायला निघालेल्या यंत्राने अशी शेगडी पाठीवर घेऊन जावे का, हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे. तो पुढे लेझरच्याही अंगाशी येणार आहे.

लेझरच का

बिनतारी वीज म्हटले की आधी सूक्ष्मलहरी आठवतात, आणि ते साहजिकही आहे. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन इथे विल्यम ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड किलोमीटरवर ३० किलोवॅटहून जास्त वीज पोचवली होती. पकडलेल्या सूक्ष्मलहरींतले ८० टक्क्यांहून अधिक विजेत उतरले. इतकी चांगली आकडेवारी लेझरला आजही जमलेली नाही.

पण तिथे पकडणारा फलक सुमारे पंचवीस चौरस मीटरांचा होता. झोत किती पसरतो हे लहरीची लांबी आणि पाठवणाऱ्या भिंगाचा किंवा तबकडीचा आकार यांवर ठरते. ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरी दहा मीटरच्या तबकडीतून दहा किलोमीटर दूर पाठवल्या तर तिथे सव्वाशे मीटरचा डाग पडतो. ९४ गिगाहर्ट्झला गेलो आणि पाच मीटरची तबकडी नेली तरी पंधरा मीटर. रोव्हर त्यातला एक कोपराच पकडणार. उलट, ०.८ मायक्रॉनचा लेझर वीस सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून सोडला तर सिद्धांताप्रमाणे दहा किलोमीटरवर दहा सेंटिमीटरचा डाग पडतो. खरा लेझर इतका सुबक नसतो. पाच-सात पट पसरला तरी तो पट्टीवर मावतो. शिवाय पृथ्वीवर लेझरला छळणारे ढग, धुके आणि हवेची थरथर चंद्रावर नाही.

जमिनीवरच्या प्रयोगांची घोडदौडही दखल घेण्याजोगी आहे. २०१९ मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने ३२५ मीटरवर ४०० वॅट उतरवून दाखवले. २०२५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संशोधन संस्थेच्या प्रयोगात न्यू मेक्सिकोत ८.६ किलोमीटरवर ८०० वॅटहून अधिक वीज तीस सेकंद मिळाली, आणि तीही दाट हवेतून. म्हणजे अंतर हा आता मुख्य अडसर राहिलेला नाही.

आता साखळी. लेझर डायोडला १००० वॅट वीज दिली की ५०० वॅट प्रकाश निघतो. दुर्बिणीत पाच टक्के गेले, उरले ४७५. त्यातला नव्वद टक्के पट्टीवर पडला, म्हणजे ४२७. लेझरच्या नेमक्या रंगाला जुळवलेला गॅलियम आर्सेनाइडचा प्रकाशघट उन्हापेक्षा लेझरवर कितीतरी चांगला चालतो. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने २०२१ मध्ये प्रयोगशाळेत ६८.९ टक्के कार्यक्षमता गाठली आहे. मोठ्या पट्टीला पन्नास टक्के धरू: २१३ वॅट. वीज नियंत्रकातली घट वजा जाता हातात १९० वॅट. म्हणजे हजारातले १९०, एकोणीस टक्के.

हा आकडा ऐकून पुष्कळ जण नाक मुरडतात. मला तो दोष वाटत नाही. काठावर ऊन फुकट आहे. लेझर, त्याची नियंत्रणयंत्रणा आणि संपर्क मिळून १३०० वॅट लागले, तर तीस टक्के कार्यक्षमतेची साडेतीन चौरस मीटर सौरपट्टी उभी करून सूर्याबरोबर फिरवली की झाले. लेझरची ५०० वॅट वाया जाणारी उष्णता दीडेक चौरस मीटरच्या पत्र्यातून काळ्या आकाशात सोडता येते. आणि रोव्हरच्या पट्टीत विजेत न बदललेले दोनशे वॅट थंडीत कामालाच येतात. पट्टीच्या मागून उष्णतावाहक नळी पेटीत नेली की ६० वॅटचा हीटर बहुतेक वेळ बंद ठेवता येईल. एरवी अवकाशयानात ही उष्णता डोकेदुखी असते. इथे ती धरून १९० वॅटची किंमत अडीचशे वॅटच्या बरोबरीची होते.

झोत कुठून यायचा

खरे घोडे पेंड खाते ते भूमितीपाशी.

आराखड्यात लँडर काठावर आहे आणि रोव्हर त्याच काठावरून खाली उतरतो. दहा अंशांचा सरळ, सपाट उतार डोळ्यांसमोर आणा. लेझर जमिनीपासून तीन मीटरवर बसवला आहे. रोव्हर एक किलोमीटर खाली गेला की झोत जमिनीला जवळपास समांतर, उतार चाटतच येतो. वाटेतला दोन मीटरचा उंचवटा त्याला पुरे. विवराच्या भिंतीला आत बाक असेल तर तळाजवळ पोचल्यावर झोत पुन्हा मोकळा होतो, पण काठाची कड बहिर्गोल असते आणि पहिले काही किलोमीटर तिच्या आडोशात जातात. त्यामुळे ‘दृष्टिरेषा न सोडणारा मार्ग’ शोधणे हे या अभ्यासातले दुय्यम काम नव्हते. उपग्रहांनी लेझरने मोजलेल्या उंचीच्या नकाशावर असा मार्ग सापडला तरच बाकी सगळ्याला अर्थ आहे. आणि शॅकल्टनची स्वतःची भिंत तीस अंशांची. तिथून कोणताही चाकांचा रोव्हर उतरणार नाही. म्हणून आराखड्याने दोन विवरांमधला सौम्य प्रदेश निवडला, हे शहाणपणाचे आहे.

समोरच्या काठावरून झोत टाकला तर चित्र पालटते. आता उतार झोताकडे तोंड करून उभा असतो, सावल्या आखूड होतात. पण शॅकल्टनएवढ्या विवरात समोरचा काठ २१ किलोमीटरवर आहे. डागाचा आकार दुपटीने वाढतो, नेमही दुप्पट कडक लागतो. शिवाय रोव्हर एका काठावर आणि लेझर दुसऱ्यावर म्हणजे दोन लँडर. मला विचाराल तर पाच-सात किलोमीटर व्यासाचे, उथळ, सावलीतले विवर निवडून समोरचा काठ घेणे हे मोठ्या विवरात त्याच काठावरून उतरण्यापेक्षा बरे. बर्फ छोट्या विवरांतही सापडण्याची आशा आहे, आणि पहिल्या मोहिमेला आकाराचा मान नको.

झोत वरून समजा पंधरा अंशांच्या कोनात येतो. मग रोव्हरच्या पाठीवर आडवी पट्टी निरुपयोगी: तिच्यावर प्रकाशाचा चौथा हिस्साच पडेल. पट्टी खांबावर उभी हवी, आणि रोव्हर वळला तरी तिचे तोंड लँडरकडे राहील अशी फिरती. खांब दीड मीटरचा धरला तर त्याहून कमी उंचीचे दगड झोत अडवत नाहीत. छोटी विवरे अडवतात. ताज्या विवराची खोली व्यासाच्या पाचव्या हिश्शाएवढी असते. पंधरा मीटर व्यासाच्या विवराच्या मध्यातून पट्टीच्या उंचीवरून काठ अकरा अंशांवर दिसतो, झोत वरून निघून येतो. पन्नास मीटरच्या विवरात काठ एकोणीस अंशांवर, झोत बंद. आणि शास्त्रज्ञांना डोकवायचे असते ते अशाच ताज्या खड्ड्यांत, कारण तिथे खालचा थर उघडा पडलेला असतो.

म्हणजे बॅटरी सुटत नाही; तिचे काम बदलते. आधी ती सगळ्या प्रवासाची शिदोरी होती, आता ती झोताच्या खंडांवरचा साकव. पन्नास मीटरच्या खड्ड्यात उतरून, एक भोक पाडून वर यायला आठ-दहा तास आणि सरासरी १५० वॅट धरले तर दीड किलोवॅट-तास, म्हणजे दहा किलो बॅटरी. नव्वदच्या जागी दहा.

नेम आणि सांडलेला प्रकाश

दहा किलोमीटरवर डाग दहा सेंटिमीटरच्या आत स्थिर ठेवायचा तर नेम दोन कोनीय सेकंदांचा (एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) लागतो. लँडरच्या एका बाजूला ऊन, दुसऱ्या बाजूला गोठवणारी सावली. सूर्य फिरेल तसे सांगाडा वाकणार. निव्वळ गणितावर नेम धरणे शक्य नाही, रोव्हरनेच सांगायला हवे की प्रकाश कुठे पडतोय. आराखड्यात यासाठी पट्टीच्या कडांना प्रकाश मोजणारे डायोड आहेत, आणि आलेला किरण आल्या वाटेने परत धाडणारा परावर्तक. अपोलो ११, १४ आणि १५ च्या अंतराळवीरांनी ठेवलेले असेच परावर्तक आजही पृथ्वीवरून लेझर मारून वापरले जातात. दहा किलोमीटर जाऊन यायला प्रकाशाला ६७ मायक्रोसेकंद लागतात, तेव्हा दुरुस्तीला वेळच वेळ आहे. परत जाणाऱ्या प्रकाशात संदेशही मिसळता येतो: विजेच्या वाटेनेच संपर्क.

आता शेगडीचा मुद्दा. पट्टीबाहेर सांडणारे ४८ वॅट जातात कुठे? जमिनीवर. झोताची कड अडीच चौरस मीटरवर पसरली आणि पंधरा अंशांनी तिरकी पडली, तर जमिनीला चौरस मीटरमागे पाचेक वॅट मिळतात. पृथ्वीवर हे काहीच नाही. पण उणे १८३ अंशांवरची जमीन स्वतः चौरस मीटरमागे चारहून कमी वॅट प्रारण सोडत असते. त्यात पाचाची भर पडली की ती हळूहळू उणे १६२ पर्यंत चढेल. पाण्याचा बर्फ निर्वातात अब्जावधी वर्षे टिकायला तापमान साधारण उणे १६३ च्या खाली लागते, असे मानतात. म्हणजे सांडलेला प्रकाश नेमका त्या सीमेवर आणून सोडतो. आणि परावर्तक सुटून सगळा झोतच जमिनीवर पडला तर मध्यभागी उणे २० अंशांच्या आसपासचा समतोल निघतो. चंद्राची वरची माती उष्णता खाली नेण्यात फार आळशी असल्यामुळे पृष्ठभाग मिनिटांच्या हिशेबात तापतो. बर्फ मोजायला जाऊन तोच उडवायचा, हे हात दाखवून अवलक्षण झाले.

उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. परावर्तकाकडून येणारा प्रकाश तुटला की लेझर तत्काळ बंद, हा पहिला. भविष्यात आसपास माणसे वावरणार असतील तर डोळ्यांसाठीही तो लागणारच. दुसरा म्हणजे भोक पाडताना झोत बंद ठेवून बॅटरीवर काम करायचे आणि नमुना आत घेतल्यावरच पुन्हा वीज मागायची. तिसरा, रोव्हरने मोजणीची जागा झोताकडे तोंड असलेल्या बाजूला निवडायची, कारण सांडलेला प्रकाश पट्टीच्या मागे पडतो. हे तिन्ही नियम मोहिमेच्या आज्ञावलीत पहिल्या दिवसापासून लिहायला हवेत. नंतर डकवून चालत नाही.

धुळीबद्दल थोडक्यात. लुनोखोद-२ या सोव्हिएत चांद्ररोव्हरच्या झाकणाने १९७३ मध्ये एका विवराच्या कडेची माती उचलली, ती उष्णता सोडणाऱ्या पत्र्यावर सांडली आणि रोव्हर तापून निकामी झाला, असे त्या मोहिमेबद्दल सांगतात. उभ्या पट्टीवर धूळ कमी बसते. चाकांनी उडवलेले कण हवा नसल्यामुळे तरंगत राहत नाहीत, लगेच खाली येतात. खांबाची उंची इथेही उपयोगी पडते.

तार

बिनतारीच्या चर्चेत तारेची बाजू कुणी मांडत नाही, म्हणून मांडतो. एक चौरस मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची जोडतार दहा किलोमीटरला ५४ किलो भरते. हजार व्होल्टवर ३०० वॅट पाठवले तर पन्नासेक वॅट तारेत जातील, आणि थंडीत रोध घटल्याने त्याहून बरेच कमी. लेझरच्या एकोणीस टक्क्यांपुढे हे राजेशाही आहे. नासाच्या ‘वॉट्स ऑन द मून’ स्पर्धेत २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या संघाने पहिला क्रमांक मिळवला, तो हलक्या तारेच्याच जोरावर. तिथे तीन किलोमीटर अंतर गृहीत होते.

तार कुठे हरते? रोव्हरने तिचे रीळ स्वतः वाहायचे, गेल्या वाटेवर ती पसरून ठेवायची, परत फिरताना तिच्यावरून चाक जाऊ द्यायचे नाही आणि दगडाला अडकली तर सोडवायला कुणी नाही. एका ठिकाणी जाऊन वर्षभर माती उपसणाऱ्या यंत्राला मी तारच देईन. आज इकडे, उद्या तिकडे वास घेत फिरणाऱ्या रोव्हरला ती पायातली बेडी आहे. चुंबकीय अनुनादावर चालणारे बिनतारी चार्जर चंद्रासाठी तयार होत आहेत, पण त्यांची पोच सेंटिमीटरांत. धुळीत उघडा प्लग जोडायची कटकट ते वाचवतात, सावलीत खोल शिरायला त्यांचा उपयोग नाही.

बॅटरीचा शेवटचा आकडा

वर दहा किलो बॅटरी म्हटले, ते खड्ड्यांसाठी. पण काठावर ऊन ‘ऐंशी टक्क्यांहून अधिक’ असते, म्हणजे उरलेल्या वेळात नसते. ध्रुवावरच्या हिवाळ्यात दूरच्या डोंगरांच्या सावल्या काठावरून सरकतात आणि अंधार काही तासांपासून काही दिवसांपर्यंत टिकतो. तेव्हा लेझर गप्प, आणि पट्टीतून मिळणारी ऊबही बंद. दोन दिवसांच्या अशा खंडात, सगळी उपकरणे झोपवून, ६० वॅटने नुसते तग धरायचे तर जवळपास तीन किलोवॅट-तास, म्हणजे वीस किलो बॅटरी लागते. हेच ओझे लँडरवर टाकून तिथून लेझर चालू ठेवायचा म्हटले तर एकोणीस टक्क्यांच्या साखळीमुळे ते पाचपट होते, तेव्हा ती बॅटरी रोव्हरवरच हवी. रोव्हरची बॅटरी झोताची ताकद ठरवत नाही, रोव्हर ज्या खड्ड्यात उतरणार तो खड्डाही ठरवत नाही. ती ठरते लँडरच्या जागेवरच्या सर्वांत लांब अंधारावरून. म्हणून उतरण्याची जागा निवडताना सरासरी उन्हाचा नकाशा बाजूला ठेवून सलग अंधाराचा नकाशा आधी उघडावा. वर्षाला नव्वद टक्के ऊन पण एका दमात सहा दिवस काळोख असलेल्या जागेपेक्षा ब्याऐंशी टक्के ऊन आणि कधीच दोन दिवसांहून जास्त काळोख नसलेली जागा या रोव्हरला मानवते.